दप्तर सर्वांचे, लेखणी कोणाची?



पडद्याच्या वरच्या पट्टीत ‘एक नवा निरोप’ असे दिसते आणि आत जाऊन पाहावे तो निरोप कोठेच नाही, असा अनुभव आपणांपैकी पुष्कळांना आला असेल. हा खोटा आकडा येतो कोठून, आणि तो येऊ नये म्हणून जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्या मंडळींनी कोणती व्यवस्था लावली आहे, हा आजचा विषय. विषय प्रोग्रामरांचा खरा. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न संघटनेत, सोसायटीत किंवा एकत्र कुटुंबात वावरलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. जे सर्वांचे आहे, त्यात बदल करण्याचा अधिकार कोणाचा?

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तयार केली. आरंभी तिचे काम बेताचे होते. दुवा दाबला की जुने पान जाई, सर्व्हरकडून नवे येई, आणि जुन्या पानाबरोबर त्याची स्मृतीही पुसली जाई. पुढे पान तेच ठेवून त्यातील तुकडे तेवढे बदलण्याची पद्धत रूढ झाली. आता एकच पान तासन्‌तास उघडे असते आणि त्याला कितीतरी गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात: कोण आत आले आहे, त्याने काय निवडले आहे, सर्व्हरने काय कळवले आहे. या क्षणी पानाला जे जे ठाऊक आहे त्याला ‘स्टेट’ म्हणतात. आपण ‘स्थिती’ म्हणू. जी स्थिती पानाच्या एकाहून अधिक भागांना लागते ती सामाईक स्थिती.

समजा, कामगारांच्या एखाद्या पतपेढीचे काम अशा पानावर चालते. सभासदाच्या कर्जाची बाकी तीन ठिकाणी लागते: वरच्या पट्टीत, कर्जाच्या तपशिलात आणि नव्या कर्जाच्या अर्जावर. प्रत्येक भागाने बाकीची आपापली नक्कल ठेवली तर काय होईल? हप्ता भरताच कर्जाचा तपशील बदलेल. अर्जाला मात्र त्याचा पत्ता नसेल. मुलीच्या फीसाठी अर्ज करू पाहणाऱ्या माणसाला ‘जुनी बाकी शिल्लक आहे’ असे उत्तर मिळेल आणि तो निमूटपणे परत जाईल. पडद्यावरच्या आकड्याशी हुज्जत घालावी असे आपल्याकडे कितीजणांना वाटते?

यावर सुचणारा पहिला उपाय असा की, बाकी एकाच ठिकाणी ठेवावी आणि सर्वांनी तीच वापरावी. उपाय योग्य आहे, पण अर्धा आहे. ती जागा सर्वांना लिहिण्यासाठीही मोकळी राहिली, तर आकडा चुकल्यावर तो कोणी चुकवला हे सापडत नाही. २०१४ साली फेसबुकच्या अभियंत्यांनी नेमकी हीच अडचण जाहीरपणे मांडली. न वाचलेल्या निरोपांचा आकडा चुके, तो दुरुस्त होई, आणि काही दिवसांनी पुन्हा चुके. त्यांनी सुचवलेल्या ‘फ्लक्स’ या रचनेचे सूत्र सोपे होते: माहितीचा ओघ एकाच दिशेने वाहावा. २०१५ साली डॅन अब्रामोव्ह व अँड्र्यू क्लार्क यांनी ‘रिडक्स’ केले. एव्हान यू यांच्या ‘व्ह्यू’ या साधनासाठी त्याच वळणाचे ‘व्ह्युएक्स’ निघाले. आपण व्ह्युएक्सचीच मांडणी पाहू, कारण तिच्यात कामांची विभागणी स्पष्ट दिसते.

व्ह्युएक्समध्ये सामाईक स्थिती एका ‘स्टोअर’मध्ये राहते. तिच्यात बदल करायचा तो ‘म्युटेशन’ या नाव दिलेल्या कृतीतूनच. सर्व्हरला विचारणे, उत्तराची वाट पाहणे ही कामे ‘ॲक्शन’ करते आणि शेवटी म्युटेशनला सांगते. स्थितीवरून जे काढता येते, उदाहरणार्थ सर्व ठेवींची बेरीज, ते ‘गेटर’ काढून देतो. संघटनेचे हिशेब ज्यांनी ठेवले आहेत त्यांना यात नवे काही वाटणार नाही. दप्तर पाहायला सर्व सभासदांना मोकळीक असते. लेखणी मात्र खजिनदाराच्या हाती, आणि पावतीवाचून किर्दीत ओळ चढत नाही. एकूण शिल्लक मनाने लिहायची नसते, ती नोंदींवरून काढायची असते. म्युटेशनांची नोंद क्रमाने पाहता येते, म्हणून चूक कोणत्या ओळीत शिरली ते सापडते.

आता कप्प्यांकडे वळू. पतपेढी वाढली की एकाच वहीत सभासद, ठेवी, कर्जे, सूचना यांची गर्दी होते. म्हणून स्टोअरचे ‘मॉड्यूल’ पाडतात. प्रत्येक मॉड्यूलची स्थिती, म्युटेशने, ॲक्शने आणि गेटर त्याचे स्वतःचे. पण कप्पे पाडायचे कशाच्या आधारे? पडद्यावरील पानागणिक एक मॉड्यूल करण्याचा मोह होतो. तसे केले की कर्जाची बाकी पुन्हा तीन कप्प्यांत जाऊन बसते आणि आपण होतो तेथेच येतो. डेव्हिड पार्नस यांनी १९७२ साली एका गाजलेल्या निबंधात एकच छोटा प्रोग्राम दोन रीतींनी विभागून दाखवला: एकदा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे, आणि एकदा असा की, पुढे बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका विभागाने आपल्यापाशी झाकून ठेवावा. दुसरी रीत सरस ठरते, कारण निर्णय बदलला तरी एकच विभाग उघडावा लागतो. आपल्या उदाहरणात कर्ज हा एक कप्पा. बाकीचे गणित कसे होते हे त्यालाच ठाऊक. इतरांनी फक्त उत्तर विचारावे.

कप्पे केले तरी नावांचा घोटाळा उरतो. व्ह्युएक्समध्ये मॉड्यूलांची स्थिती वेगवेगळी असली, तरी म्युटेशने आणि ॲक्शने यांची नावे मुळात सामाईक असतात. ठेवी आणि कर्जे या दोन्ही मॉड्यूलांत ‘रिकामे करा’ नावाचे म्युटेशन असेल, तर एक हाक मारताच दोन्ही चालतात. कारखान्यात ‘पाटील!’ अशी हाक मारली की दोन खात्यांतले दोन पाटील उठावेत, तसे. म्हणून मॉड्यूलला ‘नेमस्पेस’ लावतात. मग हाक ‘कर्ज खात्यातील रिकामे करा’ अशी पूर्ण नावाने मारावी लागते.

काही हाका मात्र सर्वांनीच ऐकायच्या असतात. कचेरीत एकाच संगणकावर दहा सभासद आपली खाती पाहतात. एकजण बाहेर पडला, पण पान नव्याने उघडले गेले नाही, तर त्याच्या कर्जाची स्थिती तशीच राहून पुढच्या माणसाला दिसू शकते. त्या माणसाची अब्रू येथे पणाला लागलेली असते. तेव्हा ‘सभासद बाहेर गेला’ ही घोषणा प्रत्येक मॉड्यूलला पोचली पाहिजे, आणि नेमस्पेस असतानाही एखादे ॲक्शन असे सर्वत्र ऐकू जाईल अशी नोंदवण्याची सोय व्ह्युएक्समध्ये आहे. गिरणीत जॉबरचा हुकूम त्याच्या खात्यापुरता चाले. भोंगा वाजला की सारी गिरणी ऐके.

साधने बदलत जातात. २०१९ साली एदुआर्दो सान मार्तिन मोरोते यांनी प्रयोग म्हणून आरंभलेले ‘पिनिया’ हे व्ह्यूच्या मंडळींनी पुढे व्ह्युएक्सच्या जागी अधिकृतपणे स्वीकारले. त्यात एका मोठ्या स्टोअरऐवजी अनेक छोटी स्टोअरे असतात आणि म्युटेशन हा प्रकारच नाही. काम सुटसुटीत झाले. पण स्थितीत थेट लिहिण्याची वाटही मोकळी झाली. तेव्हा कोणी कोठे लिहायचे, ही शिस्त आता काम करणाऱ्या मंडळींनी आपसांत ठरवून पाळावी लागते. आणखी एक पथ्य आहे. जे एकाच भागाला लागते, जसे अर्धवट भरलेल्या अर्जातील अक्षरे, ते सामाईक दप्तरात आणूच नये. सामाईक जितके कमी, तितकी त्याची राखण सोपी.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पानातील हे सारे दप्तर ही नक्कल आहे. अस्सल नोंद पतपेढीच्या सर्व्हरवर असते. आज आपली हजेरी, पगार, पेन्शन आणि कर्ज पडद्यावरच पाहावे लागते. खिडकीपलीकडचा माणूस ‘संगणकच तसे म्हणतो’ असे सांगतो, तेव्हा तेवढ्यावर परत फिरण्याचे कारण नाही. प्रत्येक आकडा कोणत्या तरी वाटेने तेथे आलेला असतो. पान नव्याने उघडून पाहा असे त्याला सांगावे. आकडा तरीही तोच आला, तर अस्सल नोंद कोणत्या तारखेची आणि कोणी केलेली आहे, हे लेखी मागावे. ते मागण्याचा आपला हक्क आहे, आणि व्यवस्था नीट लावलेली असेल तर ते उत्तर देणे मुळीच अवघड नाही.