कचऱ्याच्या डोंगरातली वीज

कचऱ्यापासून वीज म्हटले की कचरा पेटवायचा असेच कोणालाही वाटते. येथे कचरा जाळायचा नाही. कचरा जो वायू सोडतो तो जाळायचा.

भाजीची देठे, उष्टे अन्न, कागद यांचे थरावर थर पडले की आतली हवा संपते. मग हवेवाचून जगणारे जंतू कामाला लागतात. त्यांच्या कुजवण्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. गोबरगॅसचा हा सख्खा भाऊच.

हवेत मिथेन शेकडा 5 ते 15 या प्रमाणात मिसळला की एक ठिणगी पुरते. इंग्लंडमधील लॉस्को गावी 24 मार्च 1986 रोजी जवळच्या कचराभूमीतला वायू जमिनीखालून एका घरात शिरला आणि स्फोट झाला. घर उद्ध्वस्त झाले, तिघे जखमी झाले.

म्हणून डोंगरावर मातीचे आच्छादन घालतात, विहिरी खोदून भोके पाडलेल्या नळ्या सोडतात आणि यंत्राने वायू ओढून घेतात. त्यातले पाणी व घाण काढून तो इंजिनात किंवा बॉयलरखाली जाळतात. ओढ बेताचीच हवी. ती वाढली तर बाहेरची हवा आत शिरते आणि कचरा आतल्या आत पेटू शकतो.

लॉस एंजेलिसजवळची पुएंते हिल्स कचराभूमी 31 ऑक्टोबर 2013 रोजी बंद झाली. भराच्या काळात तेथे सुमारे 50 मेगावॉट वीज निघे, आणि कचरा थांबल्यावरही ती निघत राहिली. पण नवे खाद्य मिळेनासे झाले की जंतूंचे काम मंदावते, आणि वायू वर्षागणिक घटतो.

आपल्याकडे मुंबईच्या देवनारला 1927 पासून कचरा पडत आला. जानेवारी 2016 मध्ये तेथे मोठी आग लागली आणि आसपासच्या वस्त्या धुराने कोंडल्या. उघड्या डोंगरातला मिथेन अशा आगींना इंधन पुरवतो.

तेव्हा विजेचा करार करताना दोन अटी आधी लिहून घ्या. वीज विकून पैसा येतो आहे तोवरच पुढच्या देखभालीची रक्कम बाजूला काढावी. कारण उत्पन्न संपले तरी पहारा संपत नाही. आणि मिथेनला वास नसतो. म्हणून वायुमापक हाती दिल्याशिवाय कोणाही कामगाराला, मग तो कायम असो वा कंत्राटी, विहिरीच्या तोंडाशी पाठवू नये.