नाण्यावरील खुणा : डाग की दाखला?

जुने नाणे हाती आले की आपली दृष्टी प्रथम त्यावरील राजाच्या नावाकडे आणि सालाकडे जाते, आणि ते योग्यच आहे. पण थोडी नाणी हाताळली की लक्षात येते की टाकसाळीने उमटविलेल्या मजकुराखेरीज बहुतेकांच्या अंगावर आणखीही काही असते. कुठे चंद्रकोरीसारखा बारीक ठसा, कुठे आडवी रेघ, कुठे छिन्नीचा घाव, कुठे हिरवट पापुद्रा. नवशिक्या संग्राहकाला हे वैगुण्य वाटते व तो नाणे घासावयास बसतो. उलट एखादा चलाख विक्रेता साध्या ओरखड्यालाही 'टाकसाळीची दुर्मीळ चूक' ठरवून त्याचे दाम मागतो. आमच्या मते दोघेही एकच प्रश्न विचारावयाचे टाळतात, आणि तो म्हणजे ही खूण केव्हा उमटली? नाण्यावर खूण पडण्याचे प्रसंग चार : टाकसाळीत, बाजारात, जमिनीत आणि अखेर आपल्या हातात. त्यांचा क्रमाने विचार करू.

प्रथम टाकसाळ. मोगल व मराठा काळी धातूची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून घणाचा घाव घालीत. ठसा चकतीहून मोठा असल्यामुळे मजकुराचा काही भाग चकतीबाहेरच राही. आपल्या शिवराईचेच पाहा. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' ही अक्षरे असावयाची, पण सगळी अक्षरे पूर्ण उमटलेली शिवराई क्वचितच मिळते. हा दोष नव्हे, ती त्या कामाची रीतच होती. पुण्याच्या अंकुशी रुपयावरील अंकुशही मागाहून मारलेला नाही. तो मूळ ठशातच कोरलेला असे.

आता एक सोपी कसोटी सांगतो. ठशाला तडा गेला की त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. नाणे पडल्यानंतर कोणी ओरखडा काढला तर तेथे खोल चर पडतो. म्हणून सामान्यतः उठावाची रेघ ठशाची आणि खोलगट रेघ नंतरची असे समजावे. याला अपवाद आहेत. आपल्या देशातील अतिप्राचीन आहत नाण्यांवर मुद्राच सुट्या ठशांनी ठोकलेल्या असतात. चांदीच्या पुष्कळ आहत नाण्यांवर एका अंगाला अशी पाच चिन्हे आढळतात. तसेच आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले तर पुढच्या नाण्यावर त्याची उलटी व खोलगट प्रतिमा उमटते. ही चूक मात्र खरोखर टाकसाळीचीच.

दुसरा प्रसंग बाजाराचा. पूर्वी रुपयाची किंमत त्यातील चांदीवर ठरे. आत तांबे आणि वर चांदीचा पत्रा असे खोटे रुपये चालविणारे लोक तेव्हाही होते. म्हणून सराफ नाणे तोलून पाही, वाजवून पाही, कसोटीच्या दगडावर घाशी, आणि तरीही शंका उरली तर लहानसा ठसा किंवा छिन्नी मारून आतला धातू पाही. 'खणखणीत', 'बंदा रुपया' हे आपले शब्द याच व्यवहाराची आठवण देतात. 'नावाला बट्टा लागला' असे आपण म्हणतो; बाजारात बट्टा म्हणजे नाण्याच्या दर्शनी किमतीतून कापली जाणारी रक्कम. झिजलेल्या नाण्यावर तर बट्टा लागेच, पण केवळ जुन्या सालाच्या नाण्यावरही लागे. तो टाळण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये शाह आलमच्या राजवटीचे १९ वे वर्षच आपल्या रुपयांवर वर्षानुवर्षे कायम ठेवले. पुढे १८३५ साली १८० ग्रेन वजनाचा, यंत्रावर पाडलेला एकसारखा रुपया आला. त्याआधीच्या रुपयांवर सराफांच्या खुणा विशेष दिसतात. अशी खूण मूळ अक्षरे कापून गेलेली असते, तिच्या कडेला धातू किंचित फुगतो, आणि पुष्कळदा पाठीमागची तीच जागा थोडी चपटी होते.

बाजारातील नाण्यावर राजसत्ताही पुन्हा आपला शिक्का मारी. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या नाशिक जिल्ह्यातच आहे. १९०६ साली जोगळटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची, पण त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे ठोकलेली होती. एका बाजूस तीन कमानींचा चैत्य आणि दुसऱ्या बाजूस चार टोकांना वर्तुळे असलेले उज्जयिनी चिन्ह. खाली नहपानाचा चेहरा व अक्षरे अर्धवट दिसतच राहिली. गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश नाहीसा केला असे त्याची आई गौतमी बलश्री हिचा नाशिकच्या लेण्यातील लेख सांगतो. त्या लेखाची साक्ष ही नाणी देतात. क्षणभर कल्पना करा की कोणी ती नाणी 'खराब झालेली' म्हणून आटवून टाकली असती, तर हा पुरावा कायमचा गेला असता.

तिसरा प्रसंग जमिनीचा. मातीत चांदी काळवंडते, तांब्यावर हिरवा थर चढतो. हा थर घट्ट व गुळगुळीत असेल तर तो नाण्याचे रक्षणच करतो. फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशी दिसली तर मात्र ते क्षारांमुळे चालू असलेल्या झिजेचे लक्षण समजून जाणकाराकडे जावे.

चौथा प्रसंग आपल्या हातांचा, आणि सर्वांत अधिक नुकसान येथेच होते. चिंच, लिंबू, राख, ब्रश यांनी घासलेले नाणे चकाकते खरे, पण त्यावर एकाच दिशेच्या असंख्य बारीक रेघा उमटतात आणि जुन्या खुणांच्या कडा पुसल्या जातात. माळेत ओवण्यासाठी कडी डाखली असेल तर काठाशी डाखाचा ठिपका राहतो. बनावट खूणही याच सदरात येते. खुणेच्या आतला भाग भोवतालापेक्षा चकचकीत दिसला तर ती अलीकडची असण्याचा संशय धरावा.

परीक्षेला फार साधने लागत नाहीत. दसपट मोठे दाखविणारे भिंग, एका बाजूने तिरपा पडणारा प्रकाश आणि बारीक वजनकाटा एवढे पुरे. दोन्ही अंगे पाहावीत, काठही पाहावा. काठावर सांधा आणि पृष्ठावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर नाणे ओतीव, म्हणून संशयास्पद. आजच्या नाण्यावर सालाखालचा तारा हैदराबादच्या आणि ठिपका नोएडाच्या टाकसाळीची खूण आहे, दोष नव्हे. दहा रुपयांच्या नाण्याविषयीच्या अफवांमुळे २०१८ साली रिझर्व्ह बँकेला त्याचे चौदाही नमुने ग्राह्य असल्याचे जाहीर करावे लागले. जुनी नाणी लाखोंना विकून देण्याच्या नावाखाली लोकांना फसविले जाते, असा इशाराही तिने २०२१ साली दिला.

तेव्हा आपणा सर्वांस एवढीच विनंती. घरातील डब्यात जुनी नाणी असतील तर ती घासू नका. कोणाकडून व कोठून आली ते एका चिठ्ठीवर लिहून नाण्याजवळ ठेवा. शेतात साठा लागला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, आणि तोवर एकही नाणे धुऊ नका. राजाचे नाव शेकडो नाण्यांवर तेच असते. कोणा सराफाने घेतलेली शंका मात्र त्या एकाच नाण्यावर उमटलेली असते, आणि एकदा पुसली की ती पुन्हा मिळत नाही.