ऑप्टोमेट्री : चष्म्याच्या नंबरामागचे शास्त्र

स्वरूप
दृष्टीचे मापन करणे आणि तिच्यातील दोष चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स किंवा नेत्रव्यायाम यांनी दूर करणे, हे ऑप्टोमेट्रीचे क्षेत्र. नेत्रतज्ज्ञ एमबीबीएसनंतर नेत्ररोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतो, औषधोपचार व शस्त्रक्रिया करतो. ऑप्टिशियन भिंग घासून चौकटीत बसवतो. ऑप्टोमेट्रिस्ट या दोघांना जोडणारा दुवा असतो. आपल्याकडे तिघांचीही ‘डोळ्यांचे डॉक्टर’ म्हणून सरमिसळ होते आणि त्यात या स्वतंत्र विद्येची ओळखच हरवते.

शिक्षण
बारावी विज्ञान शाखेनंतर बी. ऑप्टोम. ही पदवी घेता येते. तिची रूढ रचना चार वर्षांची : तीन वर्षे अध्ययन आणि अखेरचे वर्ष आंतरवासिता. प्रकाशशास्त्र, नेत्ररचना, शरीरक्रिया व नेत्ररोग हे मुख्य विषय. भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र यांचा इतका घट्ट मेळ फार थोड्या अभ्यासक्रमांत आढळतो. चेन्नईचे एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री 1985 साली सुरू झाले. महाराष्ट्रात पुण्याच्या भारती विद्यापीठात व मुंबईच्या लोटस महाविद्यालयात हे शिक्षण मिळते. पुढे एम. ऑप्टोम. व संशोधनाची वाट आहे.

नंबर कसा निघतो
संगणकीय यंत्र काही सेकंदांत आकडा देते. पण तो अंदाज असतो. लहान मूल यंत्रात डोकावताना डोळ्यावर ताण देते आणि उणे नंबर खऱ्यापेक्षा जास्त येतो. अशा वेळी रेटिनोस्कोप कामी येतो. अंधाऱ्या खोलीत सुमारे 67 सेंटिमीटरवरून प्रकाशाची रेघ बाहुलीवरून फिरवतात. आतली लालसर झळाळी रेघेच्या दिशेनेच सरकली तर अधिक नंबरचे भिंग, उलट सरकली तर उणे नंबरचे. झळाळी स्थिर होऊन बाहुली भरून उजळली की त्या भिंगातून अंतरापोटी 1.50 वजा करायचे. +2.50 वर स्थिरावली, तर नंबर +1.00. अक्षरओळख नसलेल्या मुलाचाही नंबर असा काढता येतो. हात बसायला मात्र शेकडो डोळे तपासावे लागतात.

कार्यक्षेत्रे
नेत्ररुग्णालये, चष्म्याची दुकाने, भिंगांच्या कंपन्या आणि अध्यापन ही नेहमीची ठिकाणे. कॉन्टॅक्ट लेन्स, तिरळेपणा, अल्पदृष्टी सेवा या विशेष शाखा. मला सर्वांत मोलाची वाटते ती शालेय तपासणी. ‘आळशी डोळा’ बालपणीच ओळखला तर सुधारण्याची शक्यता सर्वाधिक असते. वय वाढेल तशी ती घटत जाते.

मर्यादा
ऑप्टोमेट्रिस्ट शस्त्रक्रिया करत नाही. रोगाची शंका येताच रुग्णाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवणे हे त्याचे कर्तव्य आहे. चाळिशीचा चष्मा करायला आलेल्या माणसाला तक्त्यावरची शेवटची ओळही स्वच्छ दिसते, तरी काचबिंदू आतून नस पोखरत असू शकतो. डोळ्याचा दाब आणि नसेचे टोक पाहिले तरच तो सापडतो. केवळ नंबर देऊन थांबणारी तपासणी म्हणूनच अपुरी.

कायदा आणि निवड
2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या व्यवसायाला वैधानिक चौकट दिली. प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमाची मान्यता तपासावीच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आंतरवासिता रुग्णांची वर्दळ असलेल्या रुग्णालयात होते का, हे पाहावे. ज्या महाविद्यालयात तपासायला पुरेसे रुग्ण येत नाहीत, तिथे चार वर्षे घालवू नयेत.