माशांची टाकी, पाणवनस्पती आणि डास

पावसाळ्यात दवाखान्यात हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : "डॉक्टर, घरात माशांची टाकी आहे, तिच्यामुळे डेंग्यू होतो का हो?" मागच्या भाद्रपदात तर एक बाई थेट निर्णय घेऊनच आल्या. अकरा वर्षांच्या चिरंजिवांना डेंग्यू झालेला, नुकताच ताप उतरलेला, आणि "ती पेटी उद्या भंगारात" असे त्यांनी यजमानांना बजावलेले. मुलगा रडवेला. टाकी त्याने आणि वडिलांनी सुटीत स्वतः लावलेली. आत हिरवीगार झाडे आणि चार गप्पी मासे.

घरी तपासणीला आलेल्या आरोग्यसेवकाने बॅटरीच्या उजेडात टाकी बघितली. एकही अळी नाही. अळ्या सापडल्या त्या गॅलरीतल्या बादलीत. ओढ्यावरून आणलेली जादा झाडे "नंतर लावू" म्हणून बादलीत बुडवून ठेवली होती, त्याला पंधरा दिवस होऊन गेले होते. दुसरा साठा फ्रिजवरच्या बाटलीत, मनीप्लँटच्या मुळांशी. गुन्हा बादलीचा आणि शिक्षा टाकीला, असा हा प्रकार! टाकी वाचली. पण त्या निमित्ताने हा विषय एकदा नीट मांडावा असे वाटले, कारण अशा टाक्या आता आपल्या गावातही घरोघरी दिसू लागल्या आहेत.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पाणी लागले की फुटतात. म्हणूनच भांडे नुसते उपडे करून भागत नाही, आतून घासावे लागते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक "कोरडा दिवस" पाळा असे आरोग्य खाते सांगते, त्यामागे हेच गणित आहे.

अळीला श्वास घ्यायला पृष्ठभागावर यावे लागते, आणि गप्पी माशाचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. तो पृष्ठभागावरचे टिपून खातो. मात्र दिवसातून चार वेळा चिमूटभर खाद्य टाकणाऱ्या घरातला गप्पी आळशी होतो. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. जिल्हा हिवताप कार्यालयाकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी केली तर गप्पी मासे बहुधा फुकट मिळतात.

आता झाडांकडे वळू. प्लॅस्टिकची झाडे सोडून जिवंत झाडे का लावायची? माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. वाळूतले उपयुक्त जंतू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. झाडे अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही खत म्हणून शोषून घेतात. शिवाय दिवसा प्राणवायू सोडतात. शाळेत हायड्रिलावर काचेचे नरसाळे आणि परीक्षानळी उपडी घालून बुडबुडे मोजण्याचा प्रयोग अनेकांनी केला असेल, तेच इथे घडते. वीज जाऊन पंप बंद पडला तरी दिवसा मासे तगतात. रात्री मात्र झाडेही प्राणवायू वापरतात, हे विसरून टाकीत माशांची गर्दी करू नये.

बाजारात या छंदाचा खर्च ऐकून माणूस परत फिरतो. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे, परदेशी माती, रंगीत दिवे! यातले काहीही लागत नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वजन माती-वाळूसकट ७० किलोच्या पुढे जाते, तेव्हा डळमळीत टीपॉयवर ती ठेवू नका. घरात रांगते मूल असेल तर हे आणखी महत्त्वाचे.

तळाला बागेतली साधी लाल माती किंवा पोयटा घ्यावा. शेणखत घातलेली माती नको, ती पाण्यात कुजते. आपली काळी माती फार चिकण, पाणी गढूळ करते. माती चाळून, बादलीत भिजवून, वर तरंगणारा काडीकचरा दोन-तीन वेळा ओतून टाकावा. एक इंच मातीचा थर, त्यावर इंच-सव्वा इंच धुतलेली बांधकामाची जाड वाळू. अगदी बारीक वाळू घातली तर खाली हवा पोचत नाही आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. शंख-शिंपल्यांची सजावट टाळा, त्याने पाणी आणखी जड होते.

नळाचे पाणी उघड्या टबात एक दिवस ठेवले की ब्लीचिंग पावडरचा क्लोरीन उडून जातो. (एकच दिवस, आठवडा नव्हे. तो टबही डासांना चालतो.) बोअरच्या जड पाण्याची अनेकांना धास्ती असते. पण हायड्रिला आणि गवताच्या पात्यासारखी लांब पाने असलेली व्हॅलिस्नेरिया ही झाडे अशा पाण्यात चांगली वाढतात. व्हॅलिस्नेरिया आठवते का? लांब नागमोडी देठावर मादीफूल पाण्यावर येते आणि नरफुले तरंगत त्याच्याकडे जातात, ती जीवशास्त्राच्या पुस्तकातली आकृती. तिसरे स्वस्त झाड सेरॅटोफायलम. त्याला मुळेच नसतात, नुसते सोडून द्यायचे. आपल्याकडे या सगळ्यांना सरसकट "शेवाळ" म्हणतात, पण टाकीच्या काचेवर धरते ते शेवाळ वेगळे. ते जास्त उजेडाने आणि जास्त खाद्याने वाढते. म्हणून टाकी थेट उन्हात नको. पांढऱ्या प्रकाशाचा ९ वॅटचा एलईडी दिवा रोज सात तास पुरेसा आहे. महिन्याला दोन युनिटदेखील वीज जळत नाही.

फ्रिजवरच्या त्या बाटलीतला मनीप्लँट टाकीच्या कडेला अडकवून मुळे पाण्यात सोडा, पाने बाहेर राहू द्या. नायट्रेट शोषायला यासारखे फुकटचे झाड नाही, आणि डासांची बाटलीही घरातून जाते. लहान मुलांना पाने चावू देऊ नका, तोंडाची आग होते.

आधी झाडे, दोन-तीन आठवड्यांनी मासे, हा क्रम चांगला. पण तोपर्यंत टाकी म्हणजे मासे नसलेले साठवलेले पाणी! मच्छरदाणीच्या कापडाने ती घट्ट झाकून ठेवा. जादा झाडांच्या बादलीलाही हाच नियम.

झाडे कुठून आणायची? ज्याच्याकडे टाकी आहे त्याच्याकडून मागून आणावीत. ही झाडे वाढतात भराभर, छाटलेले कुणीही आनंदाने देतो. ओढ्या-कालव्यात उतरून आणण्याची हौस पावसाळ्यात तरी आवरावी. उंदीर-घुशींच्या, जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला भेग किंवा जखम असली की जंतूंना वाट मिळते. ताप साधारणपणे पाच ते चौदा दिवसांनी येतो, क्वचित महिन्यानेही, त्यामुळे पाण्यात उतरलेले माणूस विसरून गेलेले असते. डोळे लाल, पोटऱ्या प्रचंड दुखतात, लघवी कमी होते. अशा तापात "मी पाण्यात उतरलो होतो" एवढे एक वाक्य डॉक्टरांना सांगितले तर निदान लवकर होते.

झाडांबरोबर गोगलगायी आणि त्यांची अंडीही येतात. टाकीतल्या गोगलगायींनी घाबरून जाण्याचे कारण नाही. तरी गोगलगाय आणि माणसाचा आजार यांचे नाते आपल्या राज्यालाही ठाऊक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात १९५० च्या दशकात लघवीतून रक्त जाणाऱ्या शिस्टोसोमियासिसचे रुग्ण आढळले होते, आणि या रोगाचा कृमी गोड्या पाण्यातल्या गोगलगायीतूनच माणसाकडे येतो. तेव्हा बाहेरून आणलेले झाड पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून, स्वच्छ धुऊन मगच लावावे.

पाणी दर आठवड्याला चौथा हिस्सा बदलावे. काढलेले पाणी जास्वंदीला, तुळशीला उत्तम. नळी तोंडाने ओढून पाणी काढण्याची सवय मात्र सोडा. एक घोट पोटात गेला की त्याबरोबर माशांच्या विष्ठेतले जंतूही जातात. नळी आधी पाण्याने भरून घ्या, दोन्ही टोके अंगठ्याने दाबा, एक टोक टाकीत आणि दुसरे खाली बादलीत सोडा, झाले. टाकीची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नयेत. हात पाण्यात घालण्यापूर्वी दिव्याचे आणि पंपाचे बटण बंद करावे, आणि वायर प्लगच्या पातळीखाली लोंबती ठेवावी म्हणजे ओघळणारे पाणी प्लगमध्ये शिरत नाही.

आणखी एक आजार सांगतो, कारण तो ओळखला जात नाही. एक तरुण बोटावरची लालसर, न दुखणारी गाठ घेऊन आला. तीन महिने निरनिराळी मलमे आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या झाल्या होत्या. मनगटाकडे आणखी दोन गाठी चढू लागल्या होत्या. टाकी साफ करताना काच लागली होती, हे त्याला खोदून विचारल्यावर आठवले. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम नावाचा, क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदांतला हा जंतू माशांच्या पाण्यात असतो आणि जखमेतून शिरतो. त्याला ३० अंशांच्या आसपासचे तापमान मानवते, म्हणून तो हातावरच राहतो. प्रयोगशाळेने नेहमीप्रमाणे ३७ अंशांवर नमुना ठेवला तर तो उगवतही नाही, तेव्हा चिठ्ठीवर "माशांची टाकी" असे लिहावे लागते. एकाचा दुसऱ्याला होत नाही, बरा होतो, पण औषधे काही महिने घ्यावी लागतात. हाताला कापलेले असेल तर रबरी हातमोजे घाला, एवढाच त्यावर उपाय. आणि मासा मलूल दिसला की टाकीत टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकणारे काही महाभाग आहेत. त्याने जंतू औषधाला सरावतात आणि वाळूतले उपयुक्त जंतूही मरतात.

टाकीकडे बघत बसल्याने रक्तदाब उतरतो का, असेही विचारतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील संशोधकांनी १९८४ साली दात काढायला आलेल्या रुग्णांना आधी माशांची टाकी बघायला बसवले, तर ते अधिक शांत राहिले. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या मत्स्यालयातील २०१५ च्या पाहणीतही बघणाऱ्यांची नाडी आणि रक्तदाब थोडे खाली आलेले दिसले. थोडे, तेही तेवढ्या वेळापुरते. गोळी चालूच ठेवायची आहे.

झाडे फार वाढली तर छाटलेला भाग उन्हात वाळवून खतात टाका. ओढ्यात किंवा तळ्यात टाकू नका, गप्पीही तिथे सोडू नका, तिथल्या मूळच्या माशांवर ते उठतात. शोभेची म्हणून आणलेल्या जलपर्णीने पंचगंगेचे आणि इंद्रायणीचे काय केले आहे ते आपण बघतोच.