प्रोजेक्ट हेड झालात? आधी चिमाजी अप्पांना भेटा!

वसई स्टेशनवरून किल्ल्याकडे जाणारी बस बाभोळा, पापडी, पारनाका करत पुढे जाते. मागच्या वर्षी आमचा पाच जणांचा ग्रुप कॉलेजच्या डॉक्युमेंटरीसाठी याच बसने निघाला होता. प्रोजेक्ट हेड अर्थातच मी! व्हॉट्सअॅप ग्रुप माझा, सूचना माझ्या, सकाळी सहाला सगळ्यांना उठवणारे फोनही माझेच. बस पापडीला आली तेव्हा कॅमेरावाल्या मित्राने सहज विचारलं, ''शूटिंगची परवानगी कोणी काढली?''

सगळे गप्प. संरक्षित स्मारकात शूटिंगला परवानगी लागते हे पाचही जणांना माहीत होतं. ते काम कुणाचं, हे मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ट्रायपॉड बघताच आम्हाला अडवलं गेलं, आणि त्यात चूक फक्त माझी होती.

कॅमेरा बॅगेत ठेवून मग आम्ही नुसतेच फिरलो. चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी थांबलो. त्यांची एक आख्यायिका आपल्याला पाठ असते. किल्ला पडेना तेव्हा ते म्हणाले म्हणे, मला तोफेला बांधा, निदान माझं डोकं तरी किल्ल्यात पडू दे! जबरदस्त डायलॉग. पण घरी येऊन या मोहिमेबद्दल वाचत गेले तेव्हा कळलं, वसई डायलॉगने पडली नाही. त्यामागे दोन वर्षांची तयारी होती.

मोहीम सुरू झाली १७३७ मध्ये. ठाणे, साष्टी, अर्नाळा हाती आले, पण वसई नाही. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी, त्यामुळे नुसत्या धडका मारून उपयोग नव्हता. आधी मदतीच्या वाटा बंद करायला हव्या होत्या. जानेवारी १७३९ मध्ये केळवे, माहीम, तारापूर घेऊन उत्तरेची बाजू मोकळी केली. पाठोपाठ वेसावे आणि खाडीपलीकडची, म्हणजे भाईंदरजवळची, धारावी घेतली. गोव्याहून कुमक येऊ नये म्हणून व्यंकटराव घोरपडे तिकडे चालून गेले. समुद्राच्या बाजूने मानाजी आंग्र्यांची साथ होती. कुठलं काम आधी, कुठलं नंतर आणि ते कुणाचं, हे ठरलेलं होतं. मी नेमकं हेच विसरले होते.

डेडलाइनचं प्रेशर तर विचारू नका. मार्चमध्ये नादिरशहा दिल्लीत होता, थोरल्या बाजीरावांना उत्तरेसाठी फौज हवी होती आणि पावसाळा तोंडावर आला होता. तरीही तटाखाली सुरुंग खणायचं किचकट काम सोडलं नाही. मे महिन्यात सुरुंग उडाले. त्यातला एक उशिरा फुटला आणि चढाई करणारी आपलीच माणसं त्यात गेली. इतकं होऊनही पुन्हा चढाई झाली. शेवटी पोर्तुगीज शरण आले.

कॉलेजचा प्रोजेक्ट आणि युद्ध यांची बरोबरी होत नाही. इथे दोन्हीकडची माणसं मेली. म्हणूनच मला शेवटचा टप्पा महत्त्वाचा वाटतो. जिंकल्यावर सूड घेता आला असता. पण तहात पोर्तुगीजांना बायकामुलं आणि सामानसुमान घेऊन निघून जायला आठ दिवस मिळाले. जे मागे राहतील त्यांना त्यांचा धर्म पाळायची मोकळीक मिळाली. काम संपवणं आणि नीट संपवणं यात फरक असतो. सबमिशननंतर 'सगळं मीच केलं' असं म्हणणाऱ्या प्रत्येक हेडने (माझ्यासकट) हे लक्षात ठेवावं.

महिनाभराने आम्ही पुन्हा निघालो. या वेळी कागदावर पाच कामं आणि प्रत्येकापुढे एक नाव होतं. उठवायला मी कुणालाही फोन केला नाही. एक जण पंधरा मिनिटं उशिरा आला, तरी बस मिळाली.

पापडी आली तेव्हा कॅमेरावाल्याने मुद्दाम तोच प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं नाही. जिचं ते काम होतं, तिने फाइल उघडली आणि परवानगीचं पत्र त्याच्या हातात दिलं.