सर्व्हिसिंग झालं, तरी ट्रक बंद का पडतो?

पेणहून गणेशमूर्ती किंवा रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतून माल घेऊन ट्रक निघतो. डिझेल फिल्टर कालच बदललेला, तरी तो वाटेत आचके देत बंद पडतो. मेकॅनिक म्हणतो, "एअर धरलीय." म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरलीय.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबली की प्रचंड तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल पेटतं. या फवारणीला मोठा दाब लागतो. डिझेल जवळजवळ दबत नाही, हवेचा बुडबुडा मात्र दबतो. पंपाचा जोर त्यातच जिरतो आणि फवारा उडत नाही.

हवा शिरते कुठून? टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. तिथला वॉशर जुना किंवा जोड सैल असेल, तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवाच आत ओढली जाते. म्हणून वरून सगळं कोरडं दिसतं आणि दोष सापडत नाही.

उपाय सोपा आहे. इंजिन बंद ठेवून वॉशर बदला, फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा आणि हातपंप मारा. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळा. कॉमन रेल इंजिनाची उच्च दाबाची नळी मात्र स्वतः सैल करू नका. तिच्यातून उडणारा डिझेलचा झोत कातडी भेदतो.