पीसी बिल्डिंग सिम्युलेटर : दुरुस्ती आणि दुकानदारी

खेळ काय आहे? संगणक-दुरुस्तीचं दुकान चालवण्याचा व्हिडिओ गेम. पहिल्या भागाची निर्मिती : द इर्रेग्युलर कॉर्पोरेशन. अर्ली ॲक्सेस मार्च २०१८, पूर्ण आवृत्ती जानेवारी २०१९, दुसरा भाग ऑक्टोबर २०२२. एएमडी, एमएसआय, कोर्सेअर यांचे खरे सुटे भाग खेळात नावानिशी येतात.

याला निव्वळ जोडणीचा खेळ म्हणणं अपुरं आहे. करिअर प्रकारात कामं ई-मेलने येतात : व्हायरस काढणं, धूळ साफ करणं, ग्राफिक्स कार्ड बदलणं. भाग लवकर हवा तर डिलिव्हरीचे जादा पैसे पडतात, दुकानाचं भाडंही भरावं लागतं. म्हणजे निदान चुकलं की नफाच घटतो. खेळाचं खरं मर्म या हिशेबात आहे. माऊसच्या क्लिकने हाताचं कसब येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. स्क्रू किती आवळायचा, हे पडदा शिकवू शकत नाही. पण प्रोसेसरवर थर्मल पेस्ट लावून मगच कूलर बसवायचा, मदरबोर्डच्या सॉकेटला जुळणाराच प्रोसेसर घ्यायचा, हा क्रम आणि ही जुळणी प्रत्यक्षातही तशीच असते. खरे सुटे भाग विकत न घेता होणारा सराव म्हणून नवशिक्यांनी हा खेळ जरूर खेळावा.

मुक्त प्रकार : ‘फ्री बिल्ड’मध्ये पैशांचं बंधन नाही.